चित्रपट नावाची बखर : मालवण किनाऱ्यावरील माध्यमिक शाळा आणि इतिहास-राज्यशास्त्राचे अध्यापन

वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून महाराष्ट्रातील इतिहासाभ्यासास साधनांच्या प्रतवारीची सवय लागली. समकालीन अस्सल पत्र हे पहिल्या प्रतीचे साधन होय. बखर ही मागाहून, बहुधा कोणाच्या तरी आज्ञेवरून, ऐकीव माहितीच्या व स्मरणाच्या आधारे लिहिलेली, म्हणून तिची प्रत उतरती. हा दंडक आता सर्वमान्य झाला आहे. तथापि बखर त्यामुळे टाकाऊ ठरली असे मात्र घडले नाही. कृष्णाजी अनंत सभासद याने छत्रपती राजाराम यांच्या आज्ञेवरून जिंजी येथे लिहिलेली बखर शिवकालाविषयी जे सांगते ते पारखून घ्यावे लागते. परंतु मोगलांच्या वेढ्यात सापडलेल्या राज्यास त्या घडीला थोरल्या महाराजांची कोणती मूर्ती डोळ्यांपुढे ठेवावीशी वाटली, याविषयी तिच्याइतकी विश्वासार्ह साक्ष दुसरी नाही. म्हणजे बखर दोन काळांविषयी बोलते : जो काळ ती वर्णिते तो, आणि ज्या काळात ती लिहिली गेली तो. पहिल्याविषयी ती चुकू शकते. दुसऱ्याविषयी ती सहसा चुकत नाही.

ऐतिहासिक चित्रपट ही अशीच एक बखर आहे, आणि माध्यमिक शाळेत इतिहास व राज्यशास्त्र शिकविताना ती बखर म्हणूनच वाचावयास शिकविली पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. त्यासाठी उदाहरणे शक्यतो मालवण ते तेरेखोल या किनारपट्टीतील घेतली आहेत. याचे कारण प्रांताभिमान हे नव्हे. चित्रपटातील कथन ज्यांच्याशी ताडून पाहता येईल असे किल्ले, मिठागरे, सीमेवरील गावे आणि खलाशांची घरे या किनाऱ्यावर शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, हे कारण होय.

हा प्रश्न आज तातडीचा का झाला, तेही आरंभीच सांगितले पाहिजे. आठवी-नववीतील मूल इतिहासाच्या तासाला येते तेव्हा ते कोऱ्या पाटीने येत नाही. ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ (२०२२) यांसारखे चित्रपट त्याने पाहिलेले असतात, आणि त्यांतील पात्रांचे चेहरे, आवाज व वेष हेच त्याच्या लेखी इतिहासपुरुषांचे चेहरे, आवाज व वेष झालेले असतात. शिक्षकाने याविषयी मौन पाळले तरी पडदा मौन पाळीत नाही. महाराष्ट्र राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळास याची जाणीव झाली असावी. २०१८ साली दहावीसाठी जे ‘इतिहास व राज्यशास्त्र’ हे पुस्तक आले, त्यात ‘उपयोजित इतिहास’, ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ आणि ‘मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास’ अशी स्वतंत्र प्रकरणे घातली गेली. ही मोठीच सुधारणा होती. परंतु या प्रकरणांत चित्रपटांचा इतिहास सांगितला आहे. चित्रपटातला इतिहास कसा तपासावा, हे काम शिक्षकावरच सोडलेले आहे. चित्रपटांची नावे व सालेच पाठ होत असतील, तर त्याने सनावळीत आणखी थोडी भर पडेल, इतकेच.

आता पहिले उदाहरण. १९३० च्या मे महिन्यात वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे येथील मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. महाराष्ट्रातील त्या आंदोलनाच्या प्रमुख केंद्रांपैकी शिरोडे हे एक होते. त्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली शिवचरित्रावर एक मूकपट काढला. शिवाजी महाराजांची भूमिकाही शांताराम यांनीच केली होती. मूळ नाव होते ‘स्वराज्याचे तोरण’. सरकारी परिनिरीक्षकांनी ‘स्वराज्य’ या शब्दास हरकत घेतली, आणि चित्रपट ‘उदयकाल’ या निरुपद्रवी नावाने लोकांपुढे आला. सतराव्या शतकातील तोरणा किल्ल्याच्या कथेत इंग्रज सरकारास भय वाटण्यासारखे काय होते? तोरण्यात काही नव्हते, शिरोड्यात होते. ‘उदयकाल’ शिवकालाविषयी जे सांगतो ते बखरीच्या प्रतीचे, परंतु त्याच्या बदललेल्या नावाची हकीकत १९३० सालाविषयी जे सांगते ते अस्सल कागदाच्या प्रतीचे आहे. ही दोन विधाने विद्यार्थ्यास वेगळी करता आली, की पद्धतीचा निम्मा पाठ झाला.

असे उदाहरण एकटे नाही. १९२१ चा ‘भक्त विदुर’ हा पौराणिक मूकपट. पण त्यातील विदुर महात्मा गांधींसारखा दिसतो म्हणून कराची व मद्रास येथे त्याच्यावर बंदी आली. पौराणिक कथेच्या आडून राजकारण बोलणे हे दशावतार पाहत वाढलेल्या आमच्या मुलांस नवे वाटू नये. रात्रीच्या दशावतारात संकासुराच्या तोंडी गावातील चालू घडामोडींवरचे शेरे त्यांनी ऐकलेलेच असतात. आणि ही गोष्ट परकीय अमलापुरती मर्यादित आहे असेही समजू नये. आलँ रेने यांच्या ‘नाइट अँड फॉग’ (१९५५) या नात्सी छळछावण्यांवरील फ्रेंच लघुपटात एका जुन्या छायाचित्रात पहाऱ्यावरील फ्रेंच पोलिसाची टोपी दिसत होती. फ्रान्समधील माणसांनीच या कामात हात दिला होता, हे त्या टोपीवरून उघड होत होते. स्वतंत्र, लोकशाहीवादी फ्रान्सच्या परिनिरीक्षकांनी ती टोपी झाकावयास लावली. तो लघुपट पंधरा वर्षांच्या मुलांस दाखवावा असे मी म्हणणार नाही. त्यातील दृश्ये फार भयंकर आहेत. परंतु टोपीची गोष्ट वर्गात अवश्य सांगावी, ‘उदयकाल’च्या नावाच्या गोष्टीशेजारी ठेवून सांगावी. राज्यसंस्था कशाला भिते, हे ती काय झाकते यावरून कळते. राज्यशास्त्राच्या पुस्तकातील मूलभूत हक्कांचे प्रकरण यानंतर वाचले तर ते निर्जीव वाटणार नाही.

शिरोड्याविषयी आणखी एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. सत्याग्रहाच्या त्या वर्षी तेथील शाळेत वि. स. खांडेकर हे शिक्षक होते. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे त्यांनी त्या शाळेसाठी वेचली, आणि याच काळात, १९३६ साली, मास्टर विनायक यांच्या ‘छाया’ या चित्रपटाची कथा त्यांनी लिहिली. पुढे ‘ज्वाला’, ‘देवता’, ‘अमृत’ या कथाही पडद्यावर आल्या. म्हणजे शाळा आणि सिनेमा यांच्यात सोवळेओवळे असते, हा समज निदान या किनाऱ्यावर तरी जुन्या काळीच मोडला होता.

दुसरे नाव स. का. पाटील यांचे. मालवणच्या महाविद्यालयास त्यांचे नाव दिलेले आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील त्यांच्या विरोधी भूमिकेमुळे मराठी वाचकाच्या मनात ते नाव येताच दुसऱ्याच आठवणी जाग्या होतात. परंतु भारत सरकारने १९४९ साली नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीचे ते अध्यक्ष होते, आणि शांताराम व न्यू थिएटर्सचे बी. एन. सरकार हे तिचे सभासद होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नाही. १९५१ साली सादर झालेल्या या समितीच्या अहवालात चित्रपटकलेचे शिक्षण देणारी संस्था आणि चित्रपटांस अर्थसाहाय्य करणारे महामंडळ यांची शिफारस होती. दोन्ही १९६० साली प्रत्यक्षात आली. पुण्याची चित्रपटसंस्था हे त्यांपैकी एकीचे फळ. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, आणि जगातील नामांकित चित्रपट अभ्यासकांस एके ठिकाणी पाहावयास मिळू लागले. हे संग्रहालय २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. पुण्यामुंबईत जे घडले त्याचा लाभ कोकणातील शाळेस झाला नाही, हे मात्र खरे.

आता शिवकालीन चित्रपटांकडे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या ‘सिंहगड’ (१९२३) पासून भालजी पेंढारकर यांच्या ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) पर्यंत जी परंपरा घडली, तिने महाराष्ट्रास शिवकालाची दृश्य प्रतिमा दिली. तिची बांधणी इतकी पक्की झाली की आजचे दिग्दर्शकही बहुतांशी तिच्याच आवारात वावरतात. भालजींच्या चित्रपटाचा काळही विद्यार्थ्यास सांगितला पाहिजे : गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत त्यांचा कोल्हापूरचा स्टुडिओ भस्मसात झाला, आणि त्या राखेतून उठून चार वर्षांनी त्यांनी हा चित्रपट पुरा केला. चित्रपटातील राज्यस्थापनेच्या कथेमागे निर्मात्याचे आणि नवस्वतंत्र राष्ट्राचे जीवन उभे असते ते असे.

परंतु मालवणच्या धक्क्यावर उभे राहून ही परंपरा पाहिली तर तिच्यात एक मोठी उणीव दिसते, आणि माझ्या पाहण्यात ती कोणी पुरेशी बोलून दाखविलेली नाही. पडद्यावरील शिवशाहीस समुद्र जवळजवळ नाहीच. गड आहे, घोडा आहे, खिंड आहे, दरबार आहे, गलबत नाही. सिंहगड, लाल महाल, पन्हाळा, पावनखिंड हे सारे सह्याद्रीच्या वरच्या अंगाचे. ‘फर्जंद’ चित्रपटाचा नायक कोंडाजी याने १६७३ साली साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला, ही कथा घरोघरी पोहोचली. त्याच कोंडाजीचा अंत पुढे जंजिऱ्याच्या प्रकरणात झाला, ही समुद्राकडील बाजू मात्र त्या मानाने अपरिचित राहिली. यामागचे कारण काही अंशी अगदी व्यावहारिक असावे. कोल्हापूर व पुणे येथील स्टुडिओ समुद्रापासून दूर. घोडे संस्थानी पागेतून मिळत, गलबतांचा तांडा कोठून आणावा? निर्मितीची सोय हीच हळूहळू इतिहासाची समजूत होऊन बसते.

मालवणच्या मुलास ही उणीव दाखवून द्यावी लागत नाही. त्याच्या समोर सिंधुदुर्ग उभा आहे. कुरटे बेटावर १६६४ साली मुहूर्त झाला, १६६७ साली किल्ला पुरा झाला. मुहूर्ताची पूजा जेथे झाली तो मोरयाचा धोंडा किनाऱ्यावर आजही दाखवितात. किल्ल्यात राजाराम महाराजांच्या काळचे शिवराजेश्वराचे मंदिर आहे आणि त्यातील मूर्तीस दाढी नाही. चित्रपटातील, पाठ्यपुस्तकातील आणि पुतळ्यांतील महाराजांस दाढी आहे. या विसंगतीवर एक तास सहज खर्च करावा. वा. सी. बेंद्रे यांनी उजेडात आणलेले समकालीन चित्र, मंदिरातील मूर्ती आणि पडद्यावरील चंद्रकांत मांडरे यांची छबी, ही तीन साधने शेजारी ठेवून मुलांस विचारावे : कोणते केव्हाचे, कोणी कोणासाठी केले, आणि ते पाहणाऱ्याकडून कशाची अपेक्षा करते? मूर्ती पूजेसाठी आहे, चित्र ओळखीसाठी, आणि चित्रपट स्फुरणासाठी. मालवणच्याच राजकोट येथे ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, आणि ११ मे २०२५ रोजी त्या जागी नवा उभा राहिला. त्या पडझडीची चलच्चित्रे राज्यभर हातोहात फिरली. प्रतिमा ही स्वतःच राजकीय घटना कशी होते, हे येथील मुलांस निराळे समजावून सांगावयास नको.

जागतिक चित्रपटांपैकी या किनाऱ्यावर प्रथम कोणता दाखवावा, असे कोणी विचारल्यास सर्गेई आइझेन्स्टाइन यांचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ (१९२५) हेच नाव मी सांगेन. कारणे अनेक आहेत. त्यांपैकी सर्वांत क्षुल्लक दिसणारे पहिल्याने सांगतो. हा मूकपट आहे. पाऊण-सव्वा तासाचा, म्हणजे शाळेच्या दोन-तीन तासिकांत बसणारा. परभाषेतील संवाद नसल्याने मराठी माध्यमाच्या मुलास तो परका वाटत नाही. मध्ये येणाऱ्या पाट्या शिक्षकाने मराठीत वाचून दाखवाव्या, म्हणजे झाले. मूकपटांच्या काळी आपल्याकडील चित्रपटगृहांत पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा निवेदक असे. शिक्षकाने काही काळ तीच जागा घ्यावयाची आहे.

खरे कारण निराळे. हा चित्रपट खलाशांचा आहे. १९०५ च्या जूनमध्ये रशियाच्या काळ्या समुद्रावरील आरमारात एका युद्धनौकेवर किडलेल्या मांसावरून तंटा पेटला. खलाशांनी अधिकाऱ्यांविरुद्ध उठाव केला, जहाज ताब्यात घेतले आणि ते ओडेसा बंदरात आणले. आता ४१ वर्षे पुढे येऊ. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या रॉयल इंडियन नेव्हीच्या तळावर नाविकांनी अन्न नाकारले. निकृष्ट जेवण, तुटपुंजे वेतन आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानकारक भाषा ही तात्कालिक कारणे. आझाद हिंद सेनेच्या बंद्यांची मुक्तता आणि इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत आणणे या मागण्या त्यांना लगोलग जोडल्या गेल्या. पाहता पाहता ७८ जहाजे, सुमारे २० किनारी तळ आणि २० हजारांच्या घरात नाविक या उठावात सामील झाले. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे एकत्र चढले. मुंबईत गिरणी कामगारांनी संप पुकारला आणि त्यावरील गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. सरदार पटेल यांच्या सल्ल्यावरून २३ फेब्रुवारी रोजी नाविकांनी शरणागती पत्करली.

या घटनेचा मालवण किनाऱ्याशी असलेला संबंध केवळ भावनिक नाही. रॉयल इंडियन मरीनच्या काळापासून तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा हा खलाशांच्या भरतीचा मोठा प्रदेश होता. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी त्यातूनच वेगळा झाला. मराठे, भंडारी, कोकणी मुसलमान अशा कितीतरी घरांतील पुरुष आरमारात व व्यापारी जहाजांवर होते. ‘पोटेमकिन’ पाहणाऱ्या मुलाच्या पणजोबांनी कदाचित १९४६ साली ताट सरकवून दिले असेल. इतिहासाच्या तासास यापेक्षा बळकट पाया कोणता हवा?

परंतु येथेच शिक्षकाने सावध राहावयाचे आहे. हा चित्रपट श्रेष्ठ आहे म्हणून तो खरा ठरत नाही. ओडेसाच्या पायऱ्यांवरून कूच करीत येणारी सैनिकांची रांग, कोसळणारी माणसे आणि पायऱ्यांवरून घरंगळत जाणारी बाबागाडी, हे जगातील सर्वांत प्रसिद्ध दृश्यांपैकी एक आहे. पण त्या पायऱ्यांवर तसे हत्याकांड घडले नव्हते. शहरात व बंदरात गोळीबार झाला, माणसे मेली. आइझेन्स्टाइन यांनी ते सारे एका जिन्यावर आणून गोठविले. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चित्रपटाच्या शेवटी समोरून आलेला आरमारी ताफा गोळी न झाडता ‘पोटेमकिन’ला वाट देतो, आणि जहाज विजयाने पुढे सरकते. तेवढे घडले हे खरे. पण त्यानंतर काय झाले? कोळसा व अन्न संपले, अन्य जहाजांची साथ टिकली नाही, आणि खलाशांनी रुमानियातील कॉन्स्टान्झा बंदरात जाऊन जहाज स्वाधीन केले. चित्रपट त्याआधीच थांबतो. तो १९०५ च्या विसाव्या स्मृतिवर्षासाठी सोव्हिएत सरकारने काढविला होता. विजयी क्रांतीस आपल्या पहिल्या, पराभूत क्रांतीची जी बखर हवी होती ती ही. सभासदास जिंजीत जी आज्ञा झाली तशीच ही मॉस्कोतील आज्ञा. आणि ज्या साम्राज्याच्या आरमारात १९४६ चा उठाव झाला, त्या ब्रिटनमध्ये या चित्रपटाच्या सार्वजनिक प्रदर्शनास १९५४ पर्यंत बंदी होती, हेही मुलांनी वहीत टिपून ठेवावे.

आपल्याकडे १९४६ च्या उठावावर ‘पोटेमकिन’च्या तोडीचा चित्रपट निघाला नाही. कलकत्त्यात उत्पल दत्त यांनी १९६५ साली ‘कल्लोल’ हे नाटक रंगभूमीवर आणले, ते याच विषयावर. ज्या मुंबईत हे घडले तिने याबाबत फारसे काही केले नाही. असे का, हा प्रश्न राज्यशास्त्राचा आहे. काँग्रेस व लीग या दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी नाविकांस शरण जाण्याचा सल्ला दिला होता. पुढे देशाची फाळणी झाली, आणि एकाच डोलकाठीवर चढलेल्या झेंड्यांची आठवण दोन्ही राज्यांस अडचणीची ठरली. ज्या घटनेस कोणताही पक्ष सर्वस्वी आपली म्हणू शकत नाही तिची बखर लिहिण्याची आज्ञा कोणी द्यावी? हे माझे अनुमान आहे. परंतु मुलांस विचार करावयास लावण्यापुरते ते उपयोगी पडेल.

उत्पल दत्त यांचे नाव आले म्हणून त्याच धाग्याने दक्षिणेकडे, बांद्याच्या नाक्यावर जाऊ. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी निघालेले निःशस्त्र सत्याग्रही सावंतवाडीजवळच्या बांद्याहून पत्रादेवी येथे पोर्तुगीज हद्दीत शिरले. त्या दिवशी सीमेवर ठिकठिकाणी झालेल्या पोर्तुगीज गोळीबारात विसांहून अधिक सत्याग्रही मारले गेले. त्यांत पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल होते. के. ए. अब्बास यांचा ‘सात हिंदुस्तानी’ (१९६९) याच लढ्यावर बेतलेला आहे. निरनिराळ्या प्रांतांतील सहा पुरुष आणि एक गोमंतकीय तरुणी मिळून पोर्तुगीज अमलातील गोव्यात तिरंगा फडकवितात, असे त्याचे कथानक. अब्बास यांनी एक लक्षणीय योजना केली : ज्या प्रांताचे पात्र, त्या प्रांताबाहेरचा नट. पंजाब्याची भूमिका उत्पल दत्त या बंगाल्याने केली, बंगाल्याची मधू या मल्याळी नटाने, मराठी तरुणाची जलाल आगा यांनी, आणि बिहारी मुसलमान कवीची अमिताभ बच्चन या तेव्हाच्या सर्वस्वी नव्या नटाने. राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा पुरस्कार या चित्रपटास मिळाला तो योग्यच होता.

आता बखरीची कसोटी लावावी. १९५५ च्या घटनेस १९६९ साली हे रूप का मिळाले? मधल्या काळात भाषावार प्रांतरचना झाली, मद्रासेत हिंदीविरोधी आंदोलन पेटले, आणि १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होण्याचा कौल दिला. प्रांताप्रांतांतील तेढीने अस्वस्थ झालेल्या एका लेखकाने एकीची आठवण शोधली, ती त्याला पत्रादेवीच्या बाजूस सापडली. चित्रपटाचा खरा विषय गोवा किती आणि १९६९ चा भारत किती, हे मुलांनी ठरवावे. बांद्यात, आरोंद्यात, रेडीत त्या दिवसांत सत्याग्रह्यांस कोणी जेवू घातले, जखमींस कोणी उचलून आणले, या गोष्टी त्या गावांच्या स्मरणात आहेत. पडद्यावर त्यांस कितीशी जागा मिळाली हे ताडून पाहावे. शिवाय गोवा प्रत्यक्षात मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय सैन्याच्या अवघ्या दोन दिवसांच्या कारवाईने. सत्याग्रहाने की सैन्याने, या प्रश्नास एका शब्दात उत्तर नाही, आणि तसे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्यास मी पूर्ण गुण देणार नाही.

याच्या जोडीला जिलो पोंतेकोर्व्हो यांच्या ‘बॅटल ऑफ अल्जीयर्स’ (१९६६) मधील निवडक भाग मोठ्या मुलांस दाखविता येईल. अल्जीरिया १९६२ साली स्वतंत्र झाला, गोव्याच्या पाठोपाठ. मार्ग मात्र सशस्त्र होता. हा चित्रपट इतका वृत्तपटासारखा दिसतो की यात वृत्तपटाचा एक फूटही वापरलेला नाही, असे अमेरिकेतील प्रदर्शनात आरंभीच जाहीर करावे लागले. खरे दिसणे आणि खरे असणे यांतील अंतर शिकवावयास याहून चांगला नमुना नाही. फ्रान्समध्ये हा चित्रपट काही वर्षे दाखविला गेला नाही, हे ओघाने आलेच. छळाची दृश्ये मात्र शिक्षकाने आधी स्वतः पाहून वगळावी. २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटांस सात, तेरा व सोळा वर्षांचे वयोगट लावले गेले आहेत, त्यांमागील तारतम्य वर्गातही पाळावे.

हे सारे कोकणातल्या शाळेस झेपेल काय, अशी शंका घेतली जाते. सह्याद्रीच्या पलीकडे कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातील हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांनी नीनासम या संस्थेमार्फत विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापासून जागतिक चित्रपट सुपारीच्या बागायतदारांस व शेतमजुरांस दाखविले, पुण्याच्या चित्रपटसंस्थेतील सतीश बहादूर यांस बोलावून रसग्रहणाचे वर्ग घेतले. तेव्हा रिळांच्या जड पेट्या गाडीने आणाव्या लागत. आज यंत्रसामग्रीचे कारण पुढे करता येणार नाही. फळा, भिंत व एक प्रक्षेपक बहुतेक शाळांत आहे. भारतातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५२ साली मुंबईत भरला, आणि २००४ पासून तो गोव्यात भरतो. सावंतवाडीहून पणजी दोन तासांच्या वाटेवर आहे. उणीव आहे ती वेळापत्रकात. दोन तासिका सलग मिळाल्यावाचून चित्रपट तुकड्यांत पाहावा लागतो, आणि तुकड्यांत पाहिलेल्या चित्रपटावर चर्चा होत नाही, केवळ उजळणी होते. आणि परीक्षेत ज्यावर प्रश्न येत नाही त्यास वेळ देणाऱ्या शिक्षकाची मुख्याध्यापकाने पाठराखण करावी लागते, ही अडचण प्रक्षेपकाहून मोठी आहे.

साक्षीदारांचा प्रश्न तर याहूनही निकडीचा. १९४६ साली जो नाविक अठरा वर्षांचा होता तो हयात असल्यास आज शंभरीच्या घरात आहे. १९५५ चे तरुण सत्याग्रहीही नव्वदीकडे झुकले. त्यांच्या मागे राहतील ते कागद आणि चित्रपट, आणि कागदांपेक्षा चित्रपट मोठ्याने बोलतो. म्हणून ‘पोटेमकिन’ पाहून झाल्यावर विद्यार्थ्यांस निबंध सांगण्याऐवजी घरी पाठवावे. माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत आरमाराचे सेवापुस्तक, बडतर्फीचा कागद, बंदरातून धाडलेले पोस्टकार्ड सापडते का, ते पाहावे, आजीस विचारावे, सापडले त्याची नक्कल करून तारीख, ठिकाण आणि ते कोणाच्या ताब्यात आहे हे लिहून शाळेत आणावे. मग पुढच्या तासाला फळ्यावर एकच प्रश्न लिहावा : ‘तलवार’वर चित्रपट काढावयाचा झाल्यास तो २२ फेब्रुवारीस, मुंबई बंद पडली त्या दिवशी संपवावा, की २३ तारखेच्या सकाळी, शरणागतीचा काळा झेंडा चढताना?